अहो, ती गाठ मला सांगायची होती

अहो,

मंचरच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहितेय. आत आपल्या संदीपला ऑपरेशनला नेलंय. घाबरू नका, साधं आहे म्हणतात. थोड्या वेळात बाहेर आणतील. अश्विनी, म्हणजे तुमची सून, खाली औषधं आणायला गेलीय. तिला तुम्ही बघितलंच नाही. तिच्या पिशवीतून मी कागद-पेन काढून घेतलं, कारण इथं नुसती बसून राहिले तर कुणाच्या तरी अंगावर ओरडेन. ओरडायचंय तुमच्यावर, आणि तुम्ही फोटोत जाऊन बसलात!

कशाचं ऑपरेशन, विचारा ना. हर्नियाचं. जांघेतल्या गाठीचं. तुम्हाला होती तीच, त्याच उजव्या बाजूला.

तुम्ही गेलात तेव्हा सगळ्या बायका मला म्हणत होत्या, रडून घे, मोकळी हो. रड गं, रड. एकीनंसुद्धा म्हटलं नाही, की भांडून घे. नवरा गेल्यावर त्याच्याशी भांडायचं नसतं म्हणे. मग ते भांडण कुठं जातं? माझं तर गेलं नाही. एवढी वर्षं झाली, एसटीडीचा डबा जाऊन पोरांच्या हातात मोबाईल आले, तरी ते इथं छातीत तसंच आहे. आज ते मी कागदावर करणार आहे. तुम्हाला मधे बोलता येणार नाही, हे बरंच आहे.

तर पहिला प्रश्न. मला का नाही सांगितलंत?

मला सगळं कळलं ते हनीफभाईंकडून, तेही तुम्ही गेल्यावर. जुन्नरचे हनीफभाई, तालमीतले तुमचे जोडीदार. पुढं त्यांनी टेम्पो घेतला आणि डिंगोऱ्यातला आपला कांदा, आपले टोमॅटो तेच न्यायचे. तुमच्या दहाव्यानंतर ते आले आणि ओट्यावर मान खाली घालून बसले. म्हणाले, "भाभी, मला माफी नको, पण तुमाला ठाऊक पायजे." आणि मग त्यांनी सांगितलं, की दोन वर्षांपूर्वी टोमॅटोचे क्रेट चढवताना तुमच्या जांघेत गाठ आली. लिंबाएवढी. उभं राहिलं की वर यायची, आडवं झालं की आत जायची. तुम्ही त्यांना ती दाखवलीत. त्यांना! टेम्पोच्या मागं उभं राहून! आणि दोघं मिळून ओतूरच्या डॉक्टरांकडं गेलात.

डॉक्टर काय म्हणाले, ते हनीफभाईंना शब्दन् शब्द आठवत होतं. "हा हर्निया आहे. पोटाच्या भिंतीला इथं जागा कमजोर झालीय, तिथून आतडं बाहेर डोकावतंय. अजून आत जातंय आणि दुखत नाही, म्हणून आज घाई नाही. पण ऑपरेशन करून घेतलेलं बरं. नसेलच करायचं तर थांबा, पण लक्ष ठेवून थांबा. ज्या दिवशी गाठ आत जाणार नाही, कडक होईल, दुखायला लागेल, उलटी होईल, त्या दिवशी जेवत असाल तर तसेच उठून या. आणि घरी बायकोला हे सगळं सांगून ठेवा."

बायकोला सांगून ठेवा! ऐकलं होतंत ना तुम्ही? त्या डॉक्टरांना जे सुचलं ते तुम्हाला कसं नाही सुचलं हो?

घरी येऊन मला काय सांगितलंत, ते मी विसरलेली नाही. मी चुलीपुढं होते. "काय म्हणलं डॉक्टर?" असं विचारलं, तर टोपी खुंटीला अडकवत म्हणालात, "काय न्हाय गं. वायू धरलाय. ताकातून हिंग घे म्हणलं."

आणि मी रोज तुम्हाला ताकातून हिंग दिला! न चुकता! खलबत्त्यात कुटून, वर जिरं घालून. तुम्ही ते पीत होतात. तोंड वाकडं न करता, माझ्याकडं बघत, घटाघटा.  कुठल्याच संसारात इतकं गुण्यागोविंदानं कुणी कुणाला फसवलं नसेल.

आता मागं वळून बघितलं की सगळं दिसतं. लंगोट मला धुवायला टाकायचं बंद केलंत. स्वतः विहिरीवर धुवून तिथंच झाडावर वाळत घालायचात. कपडे बदलताना पाठ करून उभे राहायला लागलात. खोकला आला की एक हात धोतराच्या निऱ्यांवर दाबून धरायचात. मला वाटायचं, वय झालं, लाजायला लागले. मला हसूसुद्धा यायचं! किती वेडी होते मी.

आणि तुम्हाला दुखणं ओळखता येत नव्हतं अशातला भाग नाही. आपला तांबडा बैल आठवतो? एका सकाळी त्यानं कडब्याला तोंड लावलं नाही, पोट जरा तट्ट दिसलं, तर तुम्ही चहाचा कप तसाच ठेवून सायकल काढलीत आणि गुरांच्या डॉक्टरांना पाठीमागं बसवून आणलंत. मी म्हटलं, जरा वाट तर बघा. तर माझ्यावर खेकसलात, "मुक्या जनावराला बोलता येतं का? आपणच समजून घ्यायचं असतं." बैलाला बोलता येत नव्हतं. तुम्हाला काय झालं होतं?

हनीफभाईंना मी विचारलं, "का नाही केलं ऑपरेशन? भीती वाटत होती का कापाकापीची?" तर म्हणाले, "कापण्याची नाय भाभी. तालमीत पोरं म्हणायची, त्या जागेचं ऑपरेशन केलं की माणूस माणसात ऱ्हात नाय. मर्दपणा जातो." हे सांगताना ते माझ्याकडं बघू शकत नव्हते, जमिनीकडं बघून बोलत होते.

मर्दपणा! दोन पोरं झाली होती आपल्याला. पोरीला तर नवरी करून निरगुडसरला धाडायची बोलणी चालली होती. कुणाला दाखवायचा होता हो मर्दपणा? मला? मला विचारलं असतंत एकदा, तर मी सांगितलं असतं की मला काय पाहिजे. मला संध्याकाळी ओट्यावर बसून माझ्याशी किरकिर करणारा माणूस पाहिजे होता.

आता यात्रेचा दिवस. तो तुम्हाला मी आज सगळा ऐकवणार आहे. तुम्ही त्यात होतात, पण माझ्या बाजूनं तुम्ही तो कधी बघितलाच नाही.

चैत्रातली आपल्या गावची यात्रा. घरात पाव्हणे, चुलीवर दोन पातेली. सकाळीच तुम्ही हनीफभाईंच्या टेम्पोत कांद्याच्या पिशव्या भरून दिल्यात, कारण यात्रेत गडी कुठं मिळतात. आत आलात तेव्हा चेहरा पांढरा. मी म्हटलं, "बरं वाटत नाही का?" तुम्ही म्हणालात, "ऊन लई हाय." आठ वाजता कसलं आलंय ऊन! पण माझे हात पिठात होते, आणि तुम्ही कोपऱ्यातून फेटा घेऊन गेलातसुद्धा.

दुपारी आखाड्यात तुम्ही पंच. जाऊबाईंचा पोरगा धावत आला, म्हणाला, काका वळचणीला बसून ओकत्यात. मी पदर खोचून निघाले तर तुम्हीच चालत घरी आलात. वाकून चालत होतात. तशातही पाव्हण्यांना रामराम घालत होतात! मी तुम्हाला आतल्या खोलीत निजवलं. पन्हं दिलं, ते उलटून पडलं. ओवा दिला. तळपायाला कांदा चोळला. मग तुम्ही पोट धरून कण्हायला लागलात, तर मी वीट तापवून फडक्यात गुंडाळली आणि शेकायला बसले. जरा खाली शेकावं म्हणून धोतराची गाठ सैल करायला गेले, तर तुम्ही माझा हात झटकलात. जोरात. "तिथं नगं!" म्हणालात.

तिथंच होतं ना सगळं? डॉक्टरांनी सांगितलेलं एक अन् एक लक्षण होतं. गाठ आत जात नव्हती, कडक झाली होती, दुखत होती, उलट्या चालू होत्या. तुम्हाला ठाऊक होतं! खोलीत आपण दोघं, आणि त्यातल्या एकालाच ठाऊक होतं. मी विटेनं शेकत होते आणि तुम्ही मला शेकू देत होतात.

हनीफभाई मार्केटहून परत आले ते दुसऱ्या दिवशी. त्यांना दारातून तुमचं पोट दिसलं, नगाऱ्यासारखं फुगलेलं. ते तिथंच ओरडले, "भाभी, ह्याला गाठ हाय! अडकलीया ती!" काय गाठ, कसली गाठ, मला काही समजेना. चौघांनी उचलून टेम्पोत घातलं. खाली कांद्याची टरफलं, त्यावर घोंगडी, आणि माझ्या मांडीवर तुमचं डोकं. नारायणगावच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, इथं थांबवू नका, पुण्याला न्या. पुण्याला कापलं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, आतडं अडकून काळं पडलंय, सडलेला भाग काढला, पण विष अंगभर गेलंय. मला आठवतंय, त्यांनी विचारलं, "काल का नाही आणलंत?" आणि बाळू भावजी, तुमचे धाकटे भाऊ, माझ्याकडं बघायला लागले. मीच उत्तर द्यायचं होतं. मी!

तुम्ही पुन्हा शुद्धीवर आला नाहीत. म्हणजे टेम्पोत, खेडच्या घाटात जे बोललात, तेच शेवटचं. मी वाकून कान जवळ नेला. वाटलं, पाणी मागताय. वाटलं, पोरांचं काही सांगताय. तुम्ही म्हणालात, "गावात सांगू नगं."

झालं. संपलं. एवढ्या वर्षांचा संसार, आणि मला दिलेला शेवटचा शब्द हा. पोरांना जप, असं नाही. स्वतःला जप, असंही नाही. जाताना बायकोला काय द्यावं माणसानं? तुम्ही तुमची लाज दिलीत, सांभाळायला.

आणि तुमच्या भावानं ती चोख सांभाळली. पुण्याहून गाडी यायच्या आत गावात झालं होतं, पैलवानाला अटॅक आला. हृदय बंद पडलं. लोक म्हणाले, वा, पैलवान माणूस, आखाड्यातनं आला अन् गेला, मरण असं यावं! मी आत भिंतीला टेकून ऐकत होते. असं यावं? त्या खोलीतला वास त्यांना ठाऊक नव्हता. पोरांना मी खरं सांगितलं, पण गावासाठी तुमचा शब्द पाळला. त्याचा मला आज सगळ्यांत जास्त राग येतो.

आता ऐका, तुमच्या पोराचं.

संदीपनं मंचरला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलंय. विहिरीतल्या मोटरी वर काढायच्या, दुरुस्त करायच्या, परत सोडायच्या. चांगलं चाललंय. मागल्या वर्षी एका सकाळी अश्विनीचा फोन आला. म्हणाली, "आई, ह्यांना जांघेत गाठ आलीय. काल अंघोळ करताना दिसली म्हणाले. तुम्ही इकडं येता का? आज डॉक्टरांकडं जातोय." दिसली आणि दुसऱ्या दिवशी सासूपर्यंत आली! खोटं नाही सांगत, आधी मला त्या पोरीचा हेवा वाटला. तिला सांगितलं होतं तिच्या नवऱ्यानं.

मी पहिल्या एसटीनं आले. डॉक्टरांच्या खोलीत संदीप म्हणाला, "आई, तू बाहेर बस." मी म्हटलं, "एकदा बाहेर बसलेली आहे मी." आणि खुर्ची ओढून बसले. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी तपासलं, खोकायला लावलं, आडवं करून बघितलं. म्हणाले, "छोटा आहे, आत जातोय, त्रास नाही. दोन रस्ते आहेत. आत्ता ऑपरेशन करून जाळी बसवून घ्या, किंवा थांबा आणि लक्ष ठेवा."

मी उठलेच. म्हटलं, "थांबा म्हणू नका! ह्याचा बाप थांबला होता. आजच कापा."

त्यांनी मला ओरडू दिलं. मग विचारलं, "काय झालं होतं त्यांना?" मी सगळं सांगितलं, ताक आणि वीटसुद्धा. पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला सांगितलं. ऐकून ते म्हणाले, "आई, तुमचे मालक थांबले म्हणून गेले नाहीत. त्रास नसताना पुष्कळ माणसं थांबतात आणि फार थोड्यांची गाठ अडकते. ते गेले, कारण अडकली त्या दिवशी आले नाहीत. अडकल्यावर थांबायचा रस्ता उरत नाही. आणि ऑपरेशनही अगदी बिनत्रासाचं नसतं. काहींना नंतर कितीतरी दिवस जांघेत दुखत राहतं. म्हणून ज्याची जांघ त्यानं ठरवायचं. पण एक सांगतो, आज थांबलेले बरेच जण पुढं कधीतरी दुखायला लागलं म्हणून येतातच."

मला ते पटलं आणि पटल्याचाच संताप आला. इतकी वर्षं मी तुमच्या थांबण्यावर चिडले होते. ते तर एक वेळ चाललं असतं! म्हणजे त्या एका दुपारी तुम्ही माझा हात झटकला नसतात, तर आज तुम्ही इथं माझ्या शेजारी बाकावर असता. हे ऐकून कुणाचं डोकं ठिकाणावर राहील?

बाहेर आल्यावर मी संदीपच्या मागं लागले. कर, आत्ता कर, मला बघवत नाही. पोरगा माझ्यापेक्षा वरचढ निघाला. म्हणाला, "आई, सीझनचे दिवस आहेत, लोकांची उभी पिकं माझ्या मोटरीवर आहेत. आणि मला काही होत नाय. तुझा राग अण्णांवर आहे. तो निवावा म्हणून मी टेबलावर झोपू का?"

मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही. पण त्यानं जे केलं ते बघत होते. दुकानातल्या दोन्ही कारागिरांना बोलावून सांगितलं, "मला हर्निया हाय. मोटर मी एकटा उचलणार न्हाय. मी कधी पोट धरून बसलो तर गाडी काढायची, माझं ऐकायचं नाही." कुणी हसलं नाही. एक जण म्हणाला, माझ्या मामाला पण आहे. अश्विनीला त्यानं सगळी लक्षणं पाठ करायला लावली. आणि मला रोज संध्याकाळी फोन करून सांगायचा, "आई, आत गेली गं, झोप तू." मी चिडून म्हणायचे, मला काय सांगतोस. आणि फोनची वाट बघायचे.

गेल्या महिन्यात त्याला ओढल्यासारखं व्हायला लागलं. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी दुखायचं, गाठही मोठी दिसायला लागली. आत जात होती, पण पहिल्यासारखी पटकन नाही. तो एकटाच जाऊन डॉक्टरांना भेटला, तारीख घेऊन आला आणि मग मला फोन केला. "आई, आता थांबण्यात अर्थ न्हाय. उगा रडू नकोस." मी रडले नाही. मी म्हटलं, "येते." घरून निघताना ओझरच्या गणपतीला हात जोडले, आणि तुमच्या फोटोकडं बघितलंसुद्धा नाही.

थांबा. बाळू भावजी येताना दिसतायत.

...

आता दुपार झालीय. संदीप शेजारच्या खाटेवर झोपलाय, त्याचं सगळं नीट झालंय. कमरेत सुई देऊन खालचं बधिर केलं होतं, म्हणून आणताना जागाच होता. मला म्हणाला, "आई, पाय माझे आहेत का बघ गं." उद्या घरी सोडतील. काही आठवडे जड उचलायचं नाही. तुम्हाला सांगते, त्याचा हात हातात घेतला तेव्हा मला तुमची आठवण अशी आली की वाटलं, तुम्हाला दोन थोबाडीत द्याव्यात.

पण मधे काय घडलं ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे.

संदीप आतच होता. भावजी आले, पांढरा शर्ट, गॉगल, हातात केळी. बसले. इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनी, गावात मी अपेंडिक्स सांगितलंय. तुमी बी त्येच सांगा. उगा लोकं नायतर..."

मी उठले. त्या बोळात दहा-पंधरा माणसं असतील, नर्स होती, एक म्हातारा सलाईन धरून चालला होता. मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "हर्निया आहे त्याला! जांघेतला हर्निया! आणि तुमच्या भावालाही तोच होता, त्यांना अटॅक आला नव्हता! आतडं सडून गेले ते! तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि गावातल्या एकाही माणसाला आपण सांगितलं नाही! कुणाकुणाच्या धोतरात आज ती गाठ असेल, ठाऊक आहे तुम्हाला? कशाची लाज वाटते हो तुम्हाला सगळ्यांना?"

 तो सलाईनवाला म्हातारासुद्धा उभा राहिला. अश्विनी जिन्यातून वर येत होती, ती तिथंच थांबली.

मला वाटलं, भावजी उठून जातील. माझ्यावर ओरडतील. त्यांनी गॉगल काढला. केळी बाकावर ठेवली. आणि अगदी हळू म्हणाले, "वहिनी, मलाबी हाय."

मला आधी ऐकूच आलं नाही. "काय?"

"मलाबी हाय. दोन्हीकडं. दादा गेला त्याच्या आधीपास्नं. उजवी आताशा लवकर आत जात न्हाय. दाबून दाबून घालावी लागती."

तुमचा भाऊ! तुम्हाला पुण्याला त्या अवस्थेत बघितलेला, तुमच्या तिरडीला खांदा दिलेला! तो माणूस तेव्हापासून लंगोटात तेच बांधून फिरतोय. त्याला ठाऊक होतं, तुम्ही कशानं गेलात, आणि त्यानं गावाला अटॅक सांगितला. तेव्हा मला वाटलं होतं, तुमची अब्रू राखतोय. तो स्वतःची राखत होता. भीतीनं अर्धा झालेला माणूस, आणि वरून पांढरा शर्ट.

माझ्या ओठांवर खूप काही आलं होतं. पण ते रडायला लागले. एवढा मोठा माणूस, तळहातानं डोळे पुसत. मी पाठीवर हात ठेवला नाही. मला जमलं नाही ते. मी अश्विनीकडून मोबाईल घेतला, जाऊबाईंचा नंबर लावला आणि भावजींच्या हातात दिला. म्हटलं, "सांगा."

"वहिनी, तिला कसं सांगू?"

"मला जसं सांगितलंत तसं. आत्ता. माझ्यासमोर."

आणि सांगितलं त्यांनी! अडखळत, लाल होत, "अगं ऐक, मला नं, जांघंत..." पलीकडून जाऊबाईंचा आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू आला. "आन् एवढी वर्सं काय केलंत? मी मेली व्हती का?" अहो, मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. जिवंत नवऱ्यावर ओरडायला मिळालं तिला.

संदीपचं आवरून डॉक्टर बाहेर आले तसे मी भावजींना त्यांच्या समोर उभं केलं. त्यांनी आत नेऊन तपासलं. डावीकडची चालू शकेल, म्हणाले, पण उजवीकडची नाही, तिला थांबणं नको. जाऊबाई हनीफभाईंच्या गाडीतून निघाल्यात. त्या आल्या की तारीख ठरेल, आणि त्या आत बसतील, बाहेर नाही.

आता तुम्हाला वचन देते. तुमचा शेवटचा शब्द मी आज मोडलाय आणि तो पुन्हा जोडणार नाही. यापुढं कुणी विचारलं, पैलवान कशानं गेले, तर मी हर्नियानं गेले म्हणून सांगेन. पारावर सांगेन, बाजारात सांगेन, लग्नाच्या पंगतीत सांगेन. लोक कानकोंडे होतील, होऊ देत. एखादा जरी घरी जाऊन बायकोला दाखवेल, तरी माझं भांडण फुकट गेलं नाही असं समजेन. भावजींना टेबलावर नेईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडणार नाही, हेही लिहून ठेवा.

मला माफ करा वगैरे मी म्हणणार नाही. तुम्हालाही अजून माफ केलेलं नाही. वर भेटलो की आधी मी बोलणार, आणि तुम्ही गुमान ऐकायचं.

जाऊबाई जिन्यात ओरडतायत. उठते.

तुमच्यावर अजूनही रागावलेली,
तुमचीच
कमल